हॅलोविनसाठी भीतिदायक घड्याळ घरी बनवताना: आधी खरे घड्याळ, मग एकच बिघाड

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. ३१ ऑक्टोबरच्या हॅलोविनला तीन आठवडे उरले आहेत आणि दाराबाहेरच्या छताखाली तुम्हाला माणसाच्या उंचीचे एक जुनाट घड्याळ उभे करायचे आहे. त्याला तेरा तासांची तबकडी हवी, काटे उलटे आणि वेड्यासारखे फिरायला हवेत, ठोके पडताच दार उघडून कवटी बाहेर यायला हवी, तिचे डोळे लाल चमकायला हवेत आणि खालून धूर निघायला हवा. माणूस आला की हालचाल ओळखणाऱ्या सेन्सरने हे सगळे आपोआप सुरू व्हावे, असेही तुम्हाला वाटते. सोल्डरिंग, म्हणजे वितळलेल्या धातूने तारा जोडणे, तुम्ही कधी केलेले नाही, आणि दाराशी येणाऱ्यांमध्ये चार-पाच वर्षांची मुलेही असणार आहेत. या सगळ्याची सुरुवात कुठून करावी, असे तुम्ही विचारता.

मी बरीच वर्षे नाटकांसाठी प्रॉपर्टी, म्हणजे रंगमंचावर लागणाऱ्या वस्तू, बनवतो आणि दर ऑक्टोबरमध्ये हॅलोविनच्या भयघरांची कामेही करतो. त्या अनुभवावरून सांगतो की तुमच्या यादीतली प्रत्येक गोष्ट स्वतंत्रपणे करता येण्याजोगी आहे; अडचण त्या सगळ्या एकत्र येण्याची आहे. दाराशी आलेला माणूस तिथे फार तर अर्धा मिनिट उभा राहतो. तेवढ्या वेळात कवटी, धूर, लाल डोळे आणि गरगरणारे काटे एकदम अंगावर आले, तर त्याला घड्याळ दिसतच नाही. दिसते ती खेळण्यांची गर्दी, आणि तिच्याकडे पाहून माणसे हसतात. म्हणून माझ्या दृष्टीने तुमचा खरा प्रश्न असा आहे: घड्याळाच्या वागण्यातली नेमकी कोणती एक गोष्ट बिघडवायची, आणि ती बिघडेपर्यंत बाकीचे सगळे खरे कसे ठेवायचे?

घड्याळाइतकी नेमाने वागणारी दुसरी वस्तू घरात नसते. त्याची टिकटिक आपण काही मिनिटांतच ऐकेनासे होतो, कारण ती पुढेही तशीच चालू राहणार याची आपल्या कानाला खात्री असते. ती खात्री मोडली की माणूस दचकतो. व्हिक्टोरियन काळात ब्रिटनमध्ये घरात कोणाचा मृत्यू झाला की त्या क्षणी घरातले घड्याळ बंद करून ठेवण्याची प्रथा होती. जुन्या लाकडात राहणाऱ्या ‘डेथवॉच’ नावाच्या भुंग्याची टकटक रात्री आजाऱ्याच्या उशाशी जागणाऱ्यांना ऐकू येत असे आणि ती मृत्यूची चाहूल मानली जाई. प्रत्यक्षात तो भुंगा जोडीदाराला साद घालण्यासाठी लाकडावर डोके आपटत असतो. या दोन्ही गोष्टींमध्ये भीती आवाजाच्या मोठेपणात नाही. जिथे टिकटिक असायला हवी तिथे ती थांबली, आणि जिथे नसायला हवी तिथे ती ऐकू आली, एवढेच घडले आहे. मी आजवर बनवलेल्या घड्याळांपैकी ज्यांचा परिणाम सर्वांत खोल झाला, ती सगळी योग्य क्षणी गप्प होणारी होती.

तुमच्यासाठी मी सुचवीन तो प्रसंग असा. घड्याळ मंद उजेडात शांतपणे चालू आहे, मिनिट काटा दर सेकंदाला एकेक घर पुढे सरकतो आहे आणि प्रत्येक घराबरोबर टिकटिक ऐकू येते आहे. माणूस दाराशी येतो, घंटी वाजवतो. टिकटिक थांबते. दोन-तीन सेकंद काहीच होत नाही. मग काटा आवाज न करता, अगदी सावकाश, मागे सरकू लागतो आणि पाव वर्तुळ मागे जाऊन थांबतो. एक खोल ठोका पडतो, घड्याळाच्या पोटातल्या काळोखात हळूहळू एक चेहरा उजळतो आणि विझतो. त्यानंतर टिकटिक पुन्हा सुरू होते, जणू मधे काही घडलेच नव्हते. या प्रसंगासाठी एक मोटर, एक रिले (विजेने उघड-बंद होणारा छोटा स्विच), एक स्पीकर आणि दोन-तीन दिवे लागतात, आणि सोल्डरिंग टाळता येते.

यातले काही निर्णय तुमच्या जागेवर अवलंबून आहेत, ते आधी सांगतो. पाहणारा घड्याळापासून तीन मीटरपेक्षा दूर असेल, तर काटा मोठा आणि तबकडीच्या तुलनेत गडद हवा. रस्त्याचा किंवा मुलांचा गोंगाट सतत असेल, तर टिकटिकीवर उभारलेला प्रसंग फिका पडेल आणि तुम्हाला उजेडावर जास्त भर द्यावा लागेल. पाऊस तिरका आत येत असेल, तर इलेक्ट्रॉनिक भाग झाकलेल्या डब्यात बसवावे लागतील. जागा आडोशाची आणि बऱ्यापैकी शांत आहे असे धरून मी पुढचे लिहितो.

पेटीबद्दल फार लिहीत नाही, कारण लाकडी पट्ट्यांची चौकट आणि त्यावर ५ मिमी जाडीचा फोम बोर्ड किंवा पातळ प्लायवूड, एवढ्यात ती उभी राहते. उंची १६० सेंमी, रुंदी ४० सेंमी आणि खोली २५ सेंमी ठेवली, तर प्रमाण जुन्या उभ्या घड्याळासारखे दिसते. मात्र इतकी उंच आणि हलकी पेटी वाऱ्याने किंवा मुलाच्या धक्क्याने सहज कलंडते; म्हणून तळाशी वाळूच्या पिशव्या किंवा विटा ठेवा आणि वरची मागची कड भिंतीला बांधून टाका. कोरीव नक्षी थर्माकोलमध्ये केली, तर एक लक्षात ठेवा: बहुतेक स्प्रे रंगांतला द्रावक थर्माकोल विरघळवतो. पांढरा गोंद मिसळलेल्या ॲक्रिलिक रंगाचे दोन हात आधी द्या आणि ते पूर्ण वाळल्यावरच पुढचे रंगकाम करा. जुनेपणा आणताना सगळीकडे सारखा मळ लावू नका. खऱ्या जुन्या वस्तूवर हात जिथे लागतो तिथला रंग झिजतो आणि हात न पोहोचणाऱ्या खाचांमध्ये काळपटपणा साचतो. तेवढे पाळले की पेटी आपोआप खरी वाटू लागते.

तबकडीबाबत तुमची तेरा तासांची कल्पना मला मनापासून आवडते, पण ती कशामुळे परिणाम करते हे समजून घ्या. येणारा माणूस आकडे मोजत नाही, आणि तेरा ठोके वाजवले तरी तेही मोजत नाही. त्याच्या डोळ्याला खटकते ती मांडणी. नेहमीच्या तबकडीवर बाराच्या बरोबर खाली सहा असतो. तेरा भागांच्या तबकडीवर वर तेरा ठेवला, तर त्याच्या बरोबर खाली कोणताच आकडा येत नाही, सहा आणि सात यांच्यामधली मोकळी जागा येते. तीन आणि नऊ यांची सरळ आडवी रेघही नाहीशी होते. काय चुकले आहे हे कळण्याआधीच काहीतरी चुकले आहे असे वाटते, आणि आपल्याला तेच हवे आहे. आखताना ३६० अंशांना १३ ने भागल्यावर प्रत्येक भाग २७.६९ अंशांचा येतो. तो २८ धरून एकापुढे एक आखत गेलात, तर शेवटचा भाग २४ अंशांचाच उरेल आणि ती चूक डोळ्यांत भरेल. म्हणून प्रत्येक खूण शून्यापासून गुणाकार करून मोजा: २७.७, ५५.४, ८३.१ असे पुढे. रोमन आकडे वापरणार असाल, तर चारसाठी चार उभ्या रेघा काढा. जुन्या तबकड्यांवर चार बहुतेकदा असाच लिहिलेला आढळतो.

आता काट्यांकडे येतो, कारण सगळ्यात जास्त कामे इथेच फसतात.

पहिला मार्ग साध्या भिंतीवरच्या घड्याळाचे मशीन उलटे चालवण्याचा आहे. क्वार्ट्झ मशीनमधला स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो, आतले सर्किट ही संख्या पंधरा वेळा निम्मी करत सेकंदाला एक स्पंद मिळवते, आणि त्या स्पंदाने तारेच्या कॉइलमध्ये क्षणभर वीज जाऊन चुंबकाचा छोटा रोटर अर्धा फेरा फिरतो. पुढच्या सेकंदाला वीज उलट्या दिशेने जाते आणि रोटर उरलेला अर्धा फेरा पूर्ण करतो. तो कोणत्या दिशेने फिरायचा हे रोटरभोवतीच्या लोखंडी पट्टीतल्या भोकाच्या असमान आकारावर ठरते. ज्या मशीनमध्ये ही पट्टी सुटी निघते, त्यात ती उचलून पालथी बसवली की सगळे काटे उलटे फिरू लागतात. एक पेन्सिल सेल पुरतो आणि एकही तार जोडावी लागत नाही. उघडण्यापूर्वी प्रत्येक टप्प्याचा फोटो काढा आणि सरावासाठी एखादे जास्तीचे स्वस्त मशीन जवळ ठेवा, कारण आतली प्लॅस्टिकची चाके झाकण निघताच जागा सोडतात.

हा मार्ग सोपा आहे, पण तुमच्या जागेसाठी तो अपुरा पडेल असे मला वाटते. अर्ध्या मिनिटात मिनिट काटा फक्त ३ अंश सरकतो, म्हणजे तो उलटा चालला आहे हे दाराशी आलेल्या कोणालाच दिसणार नाही. सेकंद काटा दिसतो, पण या मशीनची ताकद इतकी कमी असते की दुरून दिसेल इतका मोठा सेकंद काटा ते ओढू शकत नाही. एका नाटकासाठी मी असे उलटे घड्याळ केले होते आणि सेकंद काट्याच्या टोकाला पत्र्याची छोटी कवटी लावली होती. काटा दर फेऱ्यात तीनच्या आकड्यापाशी अडत असे. सेल बदलले, मशीन बदलले, दोन दिवस गेले, आणि मग कारण लक्षात आले: उलटा फिरणारा काटा उजव्या बाजूने वर चढतो, तीनपाशी तो आडवा असतो आणि तिथे टोकाचे वजन आसावर सर्वांत जास्त ताण देते. सुलटे घड्याळ याच कारणाने नऊपाशी अडते. उपाय असा की काट्याची शेपटी आसाच्या मागे वाढवून तिच्यावर तेवढेच वजन लावायचे आणि भोकात टाचणी घालून काटा कोणत्याही स्थितीत स्थिर राहतो का, हे मशीनवर बसवण्याआधीच पाहायचे. ही तोलाची चाचणी तुम्ही कोणतीही मोटर वापरलीत तरी करा.

दुसरा मार्ग स्टेपर मोटरचा, म्हणजे ठरावीक छोट्या पावलांनी फिरणाऱ्या मोटरचा, आहे आणि तुम्ही तोच घ्यावा असे मी म्हणेन. २८बीवायजे-४८ ही ५ व्होल्टची छोटी गिअरवाली मोटर, तिच्यासोबत मिळणारा यूएलएन२००३ ड्रायव्हर (मोटरला वीज पुरवणारा छोटा बोर्ड) आणि एक आर्डुइनो बोर्ड (संगणकावरून सूचना भरून चालवायचा छोटा नियंत्रक), एवढे साहित्य लागते. हे सगळे खोचायच्या तारांनी जोडले जाते. आर्डुइनोच्या सॉफ्टवेअरसोबत स्टेपर चालवण्याची तयार उदाहरणे येतात. नवशिक्यांना हमखास अडवणारी एक गोष्ट आधीच सांगतो: त्या उदाहरणांमागच्या लायब्ररीत (तयार सूचनांच्या संचात) ड्रायव्हरच्या चार पिनांचा क्रम १-२-३-४ दिला, तर मोटर नुसती थरथरते किंवा एकाच दिशेने फिरते, क्रम १-३-२-४ असा द्यावा लागतो.

या मोटरचा एक पूर्ण फेरा म्हणजे साधारण २०४८ पावले. साठाने भागले की एका घरासाठी सुमारे ३४ पावले येतात. वेग मिनिटाला १० फेऱ्यांचा ठेवला, तर ही ३४ पावले एका सेकंदाच्या दहाव्या भागात पूर्ण होतात आणि उरलेला वेळ काटा निश्चल राहतो. ही झटकन हालचाल आणि मग स्थिरता यांमुळेच तो घड्याळाचा काटा वाटतो. सलग फिरणारा काटा पंख्यासारखा दिसतो. मागे सरकताना याच्या बरोबर उलट करा: मिनिटाला २ फेरे एवढा मंद वेग ठेवून सलग ५१२ पावले मागे, म्हणजे पाव वर्तुळ, आणि त्याला साडेसात सेकंद लागतील. आधी तुटक चालणारी वस्तू अचानक सलग, प्रवाही हलू लागली की ती यंत्र न वाटता जिवंत वाटते. मी हे पहिल्यांदा जमवले तेव्हा समोर उभ्या असलेल्या नटाने नकळत एक पाऊल मागे घेतले होते, आणि तेव्हापासून हा वेगातला बदल मी प्रत्येक घड्याळात ठेवतो.

तीन बारीक गोष्टी आणखी आहेत. या मोटरचा आस तिच्या गोल अंगाच्या मध्यावर नसून एका बाजूला असतो, तेव्हा तबकडीचे भोक आसावरून मोजून पाडा. दोन हालचालींच्या मधल्या काळात चारही पिना बंद करा. गिअरमुळे काटा जागचा हलत नाही, आणि मोटर तापणे व गुणगुणणे दोन्ही थांबते. गिअरमध्ये थोडी ढिलाई असते, त्यामुळे काटा माथ्यावरून जाताना किंचित डुलतो. घाटदार भेटवस्तूत तो दोष ठरला असता, इथे तो राहू द्या. तास काट्यासाठी वेगळी यंत्रणा करण्याच्या फंदात पडू नका, तो चिकटवून टाका. तो कुठेच जात नाही हे कोणाच्याही लक्षात येणार नाही.

आवाजासाठी बहुतेक जण टिकटिकीची ध्वनिफीत लावतात. मी ती लावत नाही, कारण ती काट्याच्या हालचालीशी तंतोतंत जुळत नाही आणि कान ती फट लगेच पकडतो. त्याऐवजी ५ व्होल्टचा, तयार मॉड्यूलवर बसवलेला साधा रिले घ्या आणि तो पेटीच्या आतल्या बाजूने पातळ प्लायवूडच्या फळीवर घट्ट स्क्रूने बसवा. रिले चालू होताना एक आवाज येतो आणि बंद होताना त्याहून किंचित वेगळा. एका सेकंदाला चालू आणि पुढच्या सेकंदाला बंद असे केले की तुम्हाला खरी ‘टिक’ आणि खरी ‘टॉक’ मिळते. पोकळ पेटी तबल्याच्या खोडासारखी तो आवाज मोठा करते. रिलेच्या संपर्कांना काहीही जोडायचे नाही, आपल्याला फक्त त्याचा खटका हवा आहे. आवाज कोरडा वाटला तर रिलेची जागा फळीच्या कडेकडून मध्याकडे सरकवून पाहा. मध्याशी तो जास्त घुमतो. ह्या एका जागेच्या शोधात मी कधी कधी अख्खी संध्याकाळ घालवतो आणि ती वाया गेली असे मला कधी वाटले नाही.

ठोक्यासाठी मात्र ध्वनिफीतच हवी. डीएफप्लेअर मिनी हा छोटा एमपी३ वादक मेमरी कार्डावरून आवाज वाजवतो आणि ३ वॉटपर्यंतचा स्पीकर थेट चालवतो; आर्डुइनोकडून त्याच्याकडे जाणाऱ्या तारेत १ किलोओहमचा रेझिस्टर (वीज रोखणारा छोटा भाग) घातला की घरघर कमी होते. मात्र स्पीकर घेताना तारा आधीच जोडलेला घ्या आणि वादकाच्या मॉड्यूलला पिना बसवलेल्या आहेत ना, हे पाहून घ्या. ठोका स्वतः रेकॉर्ड करा. जाड लोखंडी गज किंवा मोठ्या पातेल्याचे झाकण दोरीला टांगून लाकडाने एकदाच वाजवा, फोनवर ध्वनिमुद्रण करा आणि ऑडॅसिटीसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये त्याचा वेग निम्मा करा. स्वर पूर्ण एका सप्तकाने खाली जातो आणि घुमारा दुप्पट लांबतो. ठोका एकच ठेवा. दोन सेकंदांच्या अंतराने तेरा ठोके वाजवायचे तर जवळजवळ अर्धा मिनिट जातो आणि तोपर्यंत पाहुणे निघून गेलेले असतात.

इथवरचे पुन्हा एकदा: पेटी साधी पण जड बुडाची, तबकडी तेरा भागांची, एक हलता काटा तोललेला, टिकटिक रिलेची, ठोका एक. आता कवटी.

दार उघडून कवटी बाहेर ढकलायला सर्वो मोटर (ठरावीक कोनात वळणारी मोटर) लागेल. ती हलताना जो बारीक चिरका आवाज काढते, तो आपण जमवलेल्या शांततेची पूर्ण वाट लावतो. शिवाय दार अडकणे, बिजागरी सैल होणे आणि लहान बोटे मधे येणे हे धोके आहेतच. रंगभूमीवर यासाठी एक जुनी युक्ती आहे. काळ्या पातळ जाळीच्या कापडावर पुढून उजेड टाकला तर ते भिंतीसारखे अपारदर्शक दिसते, आणि पुढचा उजेड काढून त्याच्या मागची वस्तू उजळली तर ते जवळजवळ नाहीसे होते. घड्याळाच्या पोटाच्या खिडकीत काचेच्या जागी असे कापड ताणून बसवा, त्यामागे पंधरा-वीस सेंमीवर कवटी ठेवा आणि मागची सगळी पोकळी न चमकणाऱ्या काळ्या रंगाने रंगवा. कवटी पहिल्यापासून तिथेच असते. ठोक्याबरोबर आर्डुइनो तिच्यावरचा एलईडी दोन सेकंदांत शून्यापासून वाढवतो आणि तितक्याच सावकाश विझवतो. काहीच हलत नाही, म्हणून काहीच बिघडत नाही. डोळ्यांत लाल दिवे घालण्याऐवजी चेहऱ्यावर खालून एकच उबदार पिवळट एलईडी टाका. खोबण्या काळ्या राहतात आणि रिकामी खोबण लाल दिव्यापेक्षा जास्त वेळ लक्षात राहते. अशा एका एलईडीला ५ व्होल्टवर २२० ओहमचा रेझिस्टर लावावा.

तबकडीवरचा उजेडही खालूनच द्या आणि काटा तबकडीपासून दोन सेंमी पुढे तरंगेल असा बसवा, म्हणजे त्याची लांब सावली तबकडीवर पडून त्याच्यासोबत सरकेल. दुरून पाहणाऱ्याला बहुतेकदा काट्याआधी ही सावली मागे जाताना दिसते. वेगाने लुकलुकणारा झगझगीत उजेड मात्र कुठेही वापरू नका. सेकंदाला तीनपेक्षा अधिक वेळा होणारी उघडझाप काही लोकांमध्ये अपस्माराचा झटका आणू शकते आणि दाराशी कोण येणार हे आपल्याला माहीत नसते.

धुराबद्दल माझे मत सरळ आहे: या घड्याळात तो नको. धुराच्या यंत्राची वाफ तबकडीवर आणि सर्किटवर ओल धरते. कोरडा बर्फ उणे ७८ अंश सेल्सिअसला असतो, हात भाजतो, आणि त्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड बंद जागेत साचतो. खरी मेणबत्तीही आत ठेवू नका, कारण थर्माकोल आणि फोम पेट घेतात.

प्रसंग सुरू कसा करायचा? तुम्ही हालचाल ओळखणारा पीआयआर सेन्सर म्हणता. एचसी-एसआर५०१ हा सेन्सर चांगला आहे, पण तो शरीराच्या उष्णतेचे किरण ओळखतो आणि ते किरण साध्या काचेतून आरपार जात नाहीत. त्यामुळे काचेआड लपवलेला सेन्सर आंधळा होतो. त्याचा पांढरा घुमट पेटीच्या पुढच्या बाजूला २३ मिमीच्या भोकातून बाहेर काढावा लागतो. चालू केल्यावर स्थिर व्हायला त्याला सुमारे एक मिनिट लागतो, आणि समोरून सरळ येणाऱ्या माणसापेक्षा आडव्या जाणाऱ्या माणसाला तो लवकर ओळखतो. पहिल्या वर्षी तुम्ही साधे बटण वापरावे असे मी आग्रहाने सांगेन. लांब तारेच्या टोकाला बटण लावा, ते दाराच्या आतल्या बाजूला ठेवा आणि स्वतः क्षण निवडा. माणूस घड्याळाकडे पाहतो आहे की पायऱ्यांकडे, हे सेन्सरला कळत नाही, तुम्हाला कळते.

वीजपुरवठ्यासाठी ५ व्होल्ट, २ अँपिअरचा चांगला अ‍ॅडॉप्टर पुरतो. मोटर, रिले आणि वादक यांना वीज थेट त्याच्याकडून द्या, आर्डुइनोच्या पिनेवरून घेऊ नका, आणि सगळ्यांचे ग्राउंड (ऋण टोक) एकत्र जोडा. यासाठी स्क्रूने आवळायच्या पट्ट्या मिळतात. पॉवर बँक वापरणार असाल तर आधी रात्रभर चालवून पाहा, कारण भार फार कमी असला की त्यांतल्या अनेक आपोआप बंद होतात. काही बिघडले तर पेटीत हात घालता यावा म्हणून मागची फळी स्क्रूने न लावता चुंबकांवर बसवा.

तीन आठवड्यांत मी पहिला आठवडा मोटर, काटा आणि रिले हे टेबलावरच चालवण्यात घालवीन, पेटीला हातही न लावता. दुसऱ्यात पेटी आणि तबकडी होते. तिसऱ्याचे पहिले तीन दिवस रंगाला द्या आणि उरलेले सगळे अंधारात, प्रत्यक्ष जागेवर, शांततेचा काळ जुळवण्यासाठी ठेवा. टिकटिक थांबल्यापासून काटा हलेपर्यंतचे अंतर दोन सेकंद असावे की चार, हे जागेनुसार बदलते आणि ते कागदावर ठरवता येत नाही. एखाद्या मित्राला काहीही न सांगता दाराशी उभे करा आणि त्याची मान कधी वळते ते पाहा.

लहान मुलांसाठी मी नेहमी दोन बटणे ठेवतो. पहिल्याने पूर्ण प्रसंग होतो. दुसऱ्याने टिकटिक थांबते, काटा एकच घर मागे जातो, पुन्हा पुढे येतो आणि घड्याळ चालू लागते. कवटी काळोखातच राहते आणि ठोका पडत नाही. चार वर्षांच्या मुलाला एवढे पुरते, किंबहुना ते दाराशी थांबून घड्याळाने पुन्हा तसे करावे म्हणून वाट पाहते. बटणांच्या तारा मात्र एवढ्या लांब ठेवा की दार उघडणाऱ्याला आधी मुलाचा चेहरा दिसेल आणि मगच कोणते बटण दाबायचे ते ठरवता येईल.